नवतप्यातले नर

मुंबईहून पंजाब मेलने दिल्लीकडे निघालेला माणूस झाशी यायच्या जरासा आधी बिजौलीवरून जातो. मे महिन्यात मात्र तो खिडकीबाहेर बघत नाही. काच खाली ओढलेली असते, ओला रुमाल डोक्यावर असतो. बाहेरची लालसर रांकड माती, तिच्यातून डोके वर काढलेले ग्रॅनाइटचे गोटे, ललितपूर रस्त्याच्या कडेने पसरलेल्या कारखान्यांचे पत्रे, सगळे एकाच पांढऱ्या उजेडात विरघळून गेलेले असते. इथली माणसे दुपारी घराबाहेर पडलीच तर कानाला गमछा गुंडाळून आणि खिशात कांदा घालून. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, असे विदर्भातही म्हणतात. विज्ञानाचा त्याला पाठिंबा नाही, पण हा कांदा कोणी काढून ठेवत नाही.

झाशीचे मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते. २०२४ च्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, पारा ४९ अंशांवर गेला. आणि हा आकडा वेधशाळेचा, म्हणजे झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवलेल्या तापमापकाचा. त्याच दुपारी उघड्या मातीचा पृष्ठभाग साठीच्या पुढे सहज जातो. या मुलखाच्या उन्हाने फौजाही आडव्या केल्या आहेत. झाशी पडल्यानंतर ७ मे १८५८ रोजी शेजारच्या जालौन जिल्ह्यातल्या कोंच इथे लढाई झाली, तेव्हा इंग्रज सैनिक उन्हाच्या तडाख्याने पटापट कोसळले. त्यांचा सेनापती सर ह्यू रोज स्वतः त्या दिवशी अनेकदा घोड्यावरून उतरून आडवा झाला आणि डोक्यावर पाणी ओतून घेऊन पुन्हा उठला.

माणूस ओले कापड डोक्यावर घेतो, सावली शोधतो, घाम गाळतो. किड्याला घाम नाही. त्याच्या अंगातले तापमान बाहेरच्या तापमानामागे निमूट चालते. शरीर इवलेसे, त्यामुळे आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग फार, आणि पाणी उडून जायला वाटा पुष्कळ. मग साठ अंशांच्या मातीवर, बेचाळीस अंशांच्या हवेत, तो करतो काय?

शेतकऱ्याचे उत्तर तयार आहे: मरतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तो २५ मेच्या आसपास. त्यानंतरच्या नऊ दिवसांना बुंदेलखंडात नौतपा म्हणतात, विदर्भात नवतपा. हे नऊ दिवस नीट तापले तर पाऊस चांगला, हा समज दोन्हीकडे आहे. राजस्थानातल्या एका लोकोक्तीत तर या दिवसांची वाटणीच करून टाकली आहे. अमुक दोन दिवस लू म्हणजे गरम वारा वाहिला नाही तर उंदीर माजतील, पुढचे दोन दिवस वाहिली नाही तर कातरा म्हणजे केसाळ अळी माजेल, त्यापुढचे दोन चुकले तर टोळ येतील, मग ताप येईल, असे तिचे वळण. थोडक्यात, लू ही शेताची झाडलोट करणारी बाई आहे आणि तिने सुट्टी घेतली की घरात किडे होतात.

या समजुतीला हसण्याचे कारण नाही. कातऱ्याचे कोष जमिनीत असतात, हरभऱ्यावरच्या घाटे अळीचे कोषही जमिनीतच. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे उलटी पाडली की हे कोष वर येतात, काही उन्हाने भाजतात, उरलेले साळुंक्या आणि बगळे वेचतात. आपल्याकडचे कृषी खाते दर एप्रिलमध्ये हेच सांगत असते. पण शेतकऱ्याची ती लोकोक्ती आणि शास्त्रज्ञांचे जुने प्रयोग, दोघांनीही एकच प्रश्न विचारला होता: किडा किती अंशांवर मरतो? गेल्या काही वर्षांत असे दिसू लागले आहे की प्रश्नच थोडा चुकला होता.

जुना प्रयोग सोपा असतो. किडा काचेच्या नळीत घालायचा, नळी पाण्यात बुडवायची, पाणी हळूहळू तापवायचे. आधी किडा सैरावैरा पळतो, मग पाय लटपटतात, मग तो उलटा पडतो. तो ज्या अंशावर पडला तो आकडा वहीत लिहायचा. अशा आकड्यांवरून पुढे नकाशे बनतात: पृथ्वी दोन अंशांनी तापली तर हा किडा कुठवर टिकेल, कुठून हटेल. २०२१ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातले स्टीव्हन पॅरॅट, टॉम प्राइस आणि त्यांचे सहकारी यांनी ड्रोसोफिला या वंशातल्या ४३ जाती घेतल्या. म्हणजे आपल्या ओट्यावर पिकलेल्या केळ्यांभोवती भिरभिरणारी चिलटे आणि त्यांचे गोत. त्यांनी प्रत्येक जातीसाठी दोन आकडे काढले: नर कोणत्या तापमानाला मरतो आणि कोणत्या तापमानाला बाप होण्याची ताकद गमावतो. जवळपास निम्म्या जातींत दुसरा आकडा पहिल्याच्या खाली निघाला. नर जिवंत, उडतो, खातो, मादीमागे धावतो, पण पिल्लू होत नाही. आणि या जाती निसर्गात कुठे आढळतात याचा नकाशा मांडला, तर तो मरणाच्या आकड्यापेक्षा या वांझपणाच्या आकड्याशी जास्त जुळला.

एखादी जात एखाद्या ठिकाणी का नाही, याचे उत्तर तिथे ती मरते असे नेहमी नसते. तिथे तिचे पाळणे हलत नाहीत, एवढेही कारण पुरते.

आता हे चिलटांपुरते राहिले असते तर बिजौलीला त्याचे विशेष काही नव्हते. पण याच सुमारास एका दुसऱ्या किड्यावरचे काम प्रसिद्ध झाले होते, आणि तो किडा प्रत्येक मराठी घराने चाळणीत पाहिलेला आहे. गव्हाचे पीठ बरेच दिवस डब्यात राहिले की त्यात तांबूस, चपटे, तिळाएवढे किडे फिरताना दिसतात. आई म्हणते, पिठात किडे झाले. शेतकी पुस्तकात त्याचे नाव पिठातला तांबडा भुंगेरा, शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम, म्हणजे चेस्टनटच्या रंगाचा. तो मूळचा आपल्याच बाजूचा असावा असे मानतात, आता धान्याच्या जहाजांतून जगभर पोहोचला आहे. हा किडा सुखाने राहतो पस्तिशीच्या आसपास. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात क्रिस सेल्स, मॅथ्यू गेज आणि रामकृष्णन वासुदेव आदींनी २०१८ मध्ये त्याला कृत्रिम उष्णतेच्या लाटेत ठेवले: पाच दिवस, ४२ अंश.

४२ हा आकडा इथे पुन्हा आला. इंग्लंडमध्ये तो लाट म्हणून निवडला गेला, बिजौलीत तो मे महिन्यातला साधासुधा दिवस आहे.

पाच दिवसांनंतर नर जिवंत होते, पण त्यांच्यापासून होणारी संतती निम्म्यावर आली होती. शुक्राणूंची संख्या जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटली होती. जे बनले तेही मादीच्या शरीरात नीट पुढे सरकत नव्हते. हे नर मादीकडे जाण्यातही कमी पडत होते. मग संशोधकांनी दहा दिवस मध्ये जाऊ दिले आणि दुसरी लाट दिली. आता हे नर जवळपास संपूर्ण वांझ झाले. अंग कणखर होते म्हणून पहिल्या लाटेतून वाचलेल्या नरांना दुसऱ्या लाटेत कणखरपणाचा काडीचा उपयोग झाला नाही. लाटा एकट्या येत नाहीत, एकामागून एक येतात, हे आपल्याला २०२४ च्या उन्हाळ्याने नीट शिकवले आहे.

माद्यांचे काय? माद्यांना तसे काही झाले नाही. उष्णतेत राहून आलेली मादी ताज्या नराशी जोडली तर अंडी नेहमीसारखी. पण कीटकांत एक गंमत आहे. मादी एकदा मीलन झाले की नराचे शुक्राणू पोटातल्या एका पिशवीत साठवून ठेवते आणि महिनोन्‌महिने लागेल तसे वापरते. शास्त्रज्ञांनी अशा भरलेल्या माद्यांना उष्णता दिली तेव्हा त्यांच्या पोटातली ती शिदोरी बिघडली आणि फलित अंडी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. म्हणजे वांझपण नराच्या शरीरापुरते नाही, ते शुक्राणूंचे आहे, कोणाच्याही पोटात असोत. सर्वांत वाईट निष्कर्ष पुढचा: भाजलेल्या बापाच्या मुलांचे आयुष्य कमी भरले आणि त्यांची स्वतःची प्रजननक्षमताही घटली. त्या मुलांनी उष्णतेची लाट कधी पाहिलीच नव्हती.

पुरुष हा प्राणी नाजूक आहे, हे आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होते. पण इथे कारण थोडे शास्त्रीय आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांनी वृषण शरीराबाहेर टांगून ते दोन-तीन अंश थंड ठेवायची सोय केली. कीटकाचे वृषण पोटातच असतात आणि पोटाचे तापमान हवेचे. शिवाय शुक्राणू बनवणे हा विलक्षण नाजूक उद्योग आहे. केळ्यावरच्या त्या चिलटाचा शुक्राणू जवळजवळ दोन मिलिमीटर लांब असतो, म्हणजे चिलटाच्या स्वतःच्या लांबीच्या तोडीचा. त्याच्याच एका नातेवाइकाचा, ड्रोसोफिला बायफर्का या जातीचा, शुक्राणू ५.८ सेंटीमीटर भरतो, आणि हा नातेवाईक स्वतः काही मिलिमीटरचा. गोल पेशीला ताणत ताणत, तिचे अंतर्भाग ओळीने मांडत एवढी लांब शेपटी काढायची. या विणकामात उष्णता घुसली की धागे गुंततात. शेपट्या अर्धवट राहतात, एका शुक्राणूची दुसऱ्यापासून सुटका होत नाही.

शरीरातल्या इतर पेशींना उष्णतेवर एक उपाय ठाऊक असतो, आणि तो कसा सापडला ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. इटलीत फेरुच्चो रितोसा हा तरुण संशोधक चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. एकदा कोणीतरी त्याच्या पेटीचे तापमान चुकून वाढवले. दुसऱ्या दिवशी त्याला गुणसूत्रांवर कधी न पाहिलेल्या जागी फुगवटे दिसले. म्हणजे तिथली जनुके अचानक कामाला लागली होती. त्याने हे लिहून पाठवले तर एका नामवंत नियतकालिकाने, जीवशास्त्राला याचा काय उपयोग, म्हणून परत केले. १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आले. ही जनुके उष्णतेत वितळू पाहणारी प्रथिने पुन्हा घडीत बसवणाऱ्या रक्षक-प्रथिनांची होती, आणि हे रक्षक बुरशीपासून माणसापर्यंत सर्वत्र सापडले. धोब्याने चुरगळलेला कपडा इस्त्रीखाली धरावा तसे हे काम. मात्र बनत्या शुक्राणूंच्या पेशींत ही इस्त्री उष्णतेत जवळजवळ चालूच होत नाही. शेपटी काढायच्या टप्प्यावर पेशीचे बहुतेक जनुक-व्यवहार बंद झालेले असतात, नवा माल मागवायची सोय नसते. आधी जे शिधे भरून ठेवले, त्यावरच निभावायचे.

चिलटांतही प्रांताप्रांताचा फरक आहे. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत सतत ३० अंशांत वाढवलेले समशीतोष्ण मुलखातले नर वांझ निघतात, उष्ण कटिबंधातल्यांना तेच व्हायला ३१ लागतात. एका अंशाचा हा फरक निसर्गाने किती पिढ्या खर्चून कमावला असेल, याचा हिशेब कोणी मांडावा. दिलासा एवढाच की अशा नरांना थंडाव्यात परत आणले तर आठवडा-दहा दिवसांत नवे शुक्राणू बनतात आणि ते पुन्हा बाप होऊ लागतात.

ही सगळी प्रयोगशाळा. आता आपल्या अंगणात येऊ. ज्या मराठी माणसाला किड्याच्या नरपणाची चिंता पैशाच्या भाषेत करावी लागते, तो रेशीमवाला आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड करून रेशीम पाळणारे शेतकरी वाढले आणि जालन्यासारख्या ठिकाणी कोषांचा बाजार भरू लागला. रेशमाची अळी ही हजारो वर्षे माणसाने पाळलेली, उडायलाही विसरलेली पतंगाची जात. तिचे लाड असे: अंडीपुंज आणायचे, बाळ अळ्यांना, ज्यांना चॉकी म्हणतात, सव्वीस-अठ्ठावीस अंश आणि भरपूर ओल, मोठ्या अळ्यांना चोवीस-पंचवीस. छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस. म्हणून संगोपनगृहाच्या भिंतींना ओली पोती, छतावर शेडनेट, दुपारभर कूलर. तरी वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या, उत्तम रेशमाच्या बायव्होल्टाइन जातींना उन्हाळा मानवत नाही. अळ्या पान खात नाहीत, कोष हलके भरतात. पुष्कळ शेतकरी मे महिन्याची बॅच घेतच नाहीत.

पण हे झाले वस्त्राच्या कोषाचे. तो कोष उकळत्या पाण्यात जायचा, आतल्या पतंगाला बाप व्हायचेच नसते. खरी अडचण बियाण्याच्या कोषाची, म्हणजे ज्या पतंगांपासून पुढची अंडी घ्यायची त्यांची. जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकापासून दाखवले आहे की कोष विणण्याच्या आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत अळीला ३३ अंशांच्या आसपास ठेवले तर निघणारा नर पतंग वांझ ठरतो. बाहेरून काही कळत नाही. पंख फडफडवतो, मादीला चिकटतो, तासन्‌तास सुटत नाही. मादी अंडी घालते, चारपाचशे अंडी, आणि ती तशीच पिवळी राहतात. फलित अंड्यांना काही दिवसांत रंग चढतो, यांना चढत नाही. रेशमाच्या नरात दोन प्रकारचे शुक्राणू असतात: एकात जनुकांचा गाभा असतो, दुसरा रिकामा. रिकामा स्वतः अंडे फलित करू शकत नाही, पण भरलेल्याला पुढे जायला मदत करतो. उष्णता शिरली की ही जोडी मोडते.  म्हणून अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांना कोषांसाठी तापमान सांभाळलेल्या खोल्या राखाव्या लागतात, आणि त्यांचा खर्च अंड्यांच्या किमतीत चढतो.

विदर्भातल्या टसरची रीत वेगळी. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबे टसरच्या अळ्या वाढवतात. या किड्याने उन्हाळ्याशी तोड काढली आहे: तो उन्हाळा झोपून काढतो. कठीण कवचाच्या कोषात, वाढ थांबवून. बियाण्याचे कोष माळा करून टांगून ठेवतात आणि पतंग बाहेर येतो तो पावसाच्या तोंडावर. अमेरिकेच्या वाळवंटी ॲरिझोनात कपाशीवरच्या एका अळीने, आपल्या घाटे अळीच्या चुलत बहिणीने, हीच युक्ती आणखी कोरून वापरली आहे. फार उकाड्यात तिचे फक्त नर कोषात झोपी जातात, माद्या नेहमीसारख्या बाहेर पडतात. ज्यांचे बिघडायचे आहे तेवढ्यांनीच बिळात राहायचे. इतका नेमका बंदोबस्त बघितला की आपल्या सरकारी परिपत्रकांची कीव येते.

बिजौलीकडे परत. लूच्या झाडलोटीत सगळे किडे सारखे भाजतात असे धरून शेतकऱ्याची लोकोक्ती चालते, पण तिथे ती फसते. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, टोळांच्या झुंडी राजस्थान ओलांडून झाशीत उतरल्या आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांना औषध भरून तयार राहायला सांगितले गेले. त्याच दिवसांत त्या मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आल्या. नवतपा तोंडावर होता, लू वाहत होती, आणि टोळांचे काही बिघडले नाही. वाळवंटी टोळ सकाळी उन्हाला अंग देऊन शेकतो, दुपारी पाय ताणून तापलेल्या जमिनीपासून पोट वर उचलतो किंवा झुडपाच्या शेंड्यावर चढतो. त्याला हवी असते ती ओली माती, कारण अंडी त्यात घालायची असतात. आलेले टोळ गुलाबी होते, म्हणजे कोवळे. पाऊस होऊन पिवळे झाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. त्यांना रोखत होता तो कोरडेपणा. उष्णतेशी त्यांचे भांडण नव्हते.

आणि ज्यांनी आपल्या बाजूने लढावे ते या उन्हात आधी पडतात. ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी खोडकिड्याच्या, बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. महाराष्ट्रातला उसवाला तिला ट्रायकोकार्ड म्हणून ओळखतो, पानाखाली टाचायचे कार्ड. कार्ड संध्याकाळी लावा, भर उन्हात लावू नका, असे त्याला सांगितलेले असते, आणि ते खरे आहे, कारण एवढ्याशा जिवाला दुपारी कार्डावरच मरण येते. काही ट्रायकोग्रामा तर आणखी विचित्र. त्यांच्या पेशीत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो, आणि त्याच्यामुळे मादी नराशिवायच फक्त मुली जन्माला घालते. तिशीच्या वरची उष्णता सतत राहिली की जिवाणू मरतो आणि पुढच्या पिढीत नर जन्मू लागतात. कीटकांच्या पोटातले असे पाहुणे पुष्कळ ठिकाणी त्यांचे कूळ चालवतात, आणि पाहुणे यजमानाआधी उष्णतेने घायाळ होतात.

कर्टिस डॉइच आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जगभरच्या कीटकांचे आकडे मांडून सांगितले होते की गार देशांतल्या कीटकांना थोडी ऊब वाढली तर बरेच वाटेल, पण उष्ण कटिबंधातले कीटक आधीच आपल्या सुखाच्या टोकाशी उभे आहेत. बुंदेलखंड त्या टोकावर आहे. इथे आणखी एक अंश म्हणजे उतार. पण सगळ्यांना सारखा नाही: पत्र्याच्या गोदामात धान्याच्या थप्पीत खोलवर बसलेल्या भुंगेऱ्याला बाहेरचे एकोणपन्नास पोहोचायला बरेच दिवस लागतात, आणि उघड्या रानातल्या माशीला दहा मिनिटे पुरतात.

प्रयोगशाळेतली लाट आणि बिजौलीची लाट यांत एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. सेल्सच्या पेटीत ४२ अंश रात्रंदिवस होते. झाशीत पहाटे पारा तिशीच्या आसपास उतरतो, आणि त्या चार-पाच तासांत पेशी आपले मोडलेले सांधून घेते. म्हणून दिवसाच्या विक्रमापेक्षा रात्रीचे तापमान वर चढणे कीटकाला महाग पडते. पत्र्याचे छप्पर, सिमेंटची भिंत, दिवसभर साठवलेली ऊब रात्री सोडणारी. औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात बाहेरची रात्र आत उशिरा पोहोचते.

आपल्या घरच्या बायकांनी याचा उपयोग कधीच करून घेतला आहे. मे महिन्यात वाळवणाबरोबर गव्हाला, हरभऱ्याला, तुरीला ऊन दाखवायची रीत महाराष्ट्रात आहे, बुंदेलखंडातही आहे. गच्चीवर काळे प्लास्टिक किंवा जुने धोतर, त्यावर धान्याचा थर, आणि तासातासाने हात फिरवायचा. हे हात फिरवणे महत्त्वाचे, कारण धान्याचा ढीग उष्णता वाहून नेत नाही. वरचा दाणा करपतो तेव्हा चार बोटे खालचा गार असतो, आणि भुंगेरा तिकडेच पळतो. थर पातळ असला तर ऊन सगळ्यांना गाठते. कडधान्यातला भुंगा, ज्याची अळी दाण्याच्या आत राहते, तोही प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत सत्तावन्न अंशांवर तासभर ठेवला तर अंड्यापासून प्रौढापर्यंत संपतो, असे पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी अमेरिकन संशोधकांनी दाखवले. पिठाच्या गिरण्याही हेच करतात: गिरणी बंद करून पन्नास-साठ अंशांना दिवसभर तापवायची. कॅन्ससमध्ये भद्रिराजू सुब्रह्मण्यम यांच्या चमूने पाहिले तर पिठातल्या भुंगेऱ्याची सर्वांत चिवट अवस्था नुकती अंड्यातून निघालेली अळी ठरली. पन्नास अंशांत तिला संपवायला सात तासांच्या आसपास लागले. प्रौढ त्याच्या कितीतरी आधी गळाले होते.

उन्हातले धान्य गरम-गरम कणगीत भरायचे नाही, हेही त्याच बायका सांगतात. रात्री पत्र्याची कोठी गार होते, आतली वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन बसते, आणि बुरशी येते. धान्य सावलीत निवू द्यायचे, मग निंबाचा पाला घालून बंद. त्यातूनही पोत्याच्या शिवणीत, कोठीच्या सांध्यात, जिथे ऊन शिरले नाही तिथे, दोन-चार भुंगेरे उरतात. त्यातले नर असतील ते चालतील, फिरतील, मादी गाठतील. जुलैत पीठ चाळताना किती किडे दिसतात हे काही अंशी मे महिन्यातल्या उन्हाच्या त्या चार-पाच दिवसांत त्यांच्या पोटात काय झाले यावर ठरते. आईला हे माहीत नसते. ती फक्त म्हणते, यंदा किडे कमी आहेत, ऊन चांगले लागले होते.

जूनच्या अखेरीस झाशीला पाऊस येतो. पहिल्या सरीनंतरच्या संध्याकाळी बिजौलीच्या कारखान्यांच्या दिव्यांभोवती पंखांची झुंड उठते. ही वाळवीची पाखरे. मे महिन्यात वर माती साठ अंशांवर भाजत होती तेव्हा ती पाखरे खाली वारुळात होती, कित्येक हात खोल, जिथे उन्हाळा पोहोचतच नाही. राजा आणि राणी तिथेच एकत्र राहतात, मधमाशीसारखी ती एकदाच उडून भेटत नाहीत, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जुळतात. आता दिव्याखाली त्यांची मुले पंख टाकतात, जोडीने चालत भिंतीच्या फटीत जातात. सकाळी पहारेकरी झाडू मारतो तेव्हा दारात पारदर्शक पंखांचा एक हलका ढीग असतो.